मत बनवण्याआधी

पेरूच्या अँडीज पर्वतात विकोस नावाची मोठी जमीनदारी होती. मालकी एका धर्मादाय संस्थेची. ती जमीन जो भाड्याने घेई, त्याला जमिनीबरोबर तिथली केचुआ माणसेही राबवायला मिळत. पोटापुरत्या तुकड्याच्या मोबदल्यात प्रत्येक कुटुंबाने आठवड्याचे तीन दिवस त्याच्या शेतात खपायचे. घरकाम आणि गुरे राखणे वेगळेच.

खालच्या गावांतले स्पॅनिश बोलणारे जमीनदार, व्यापारी, अंमलदार या डोंगरी माणसांबद्दल ठामपणे बोलत. ही माणसे आळशी, कोकाची पाने चघळत बसणारी, सणावारी पैसा उधळणारी. यांना सुधारणा नकोच आहे. इंका राजांच्या भव्य भिंतींचा अभिमान मात्र याच पेरूला होता. पूर्वज थोर आणि वंशज नालायक, यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

वेठीच्या शेतात कोण मन लावून राबेल? हीच माणसे आपापल्या शेतात ‘आयनी’ करत. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, आपल्या इर्जिकीसारखेच. बोचऱ्या थंडीच्या त्या उतारांवर त्यांनी बटाट्याचे असंख्य वाण पिढ्यान्‌पिढ्या जपले. एवढे ज्ञान जमीनदाराने मान्य केले असते, तर वेठ मागताना त्याची जीभ अडखळली असती. म्हणून त्याला तुच्छता सोयीची होती.

1952 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वतीने मानववंशशास्त्रज्ञ ॲलन होमबर्ग यांनी विकोस भाड्याने घेतले. फुकटची वेठ थांबली, उत्पन्न गावासाठी वापरले जाऊ लागले आणि कारभार हळूहळू गावाने निवडलेल्या प्रतिनिधींकडे गेला. बटाट्याचे पीक वाढले, शाळा उभी राहिली. 1962 मध्ये गावाने ती जमीन विकत घेतली. माणसे तीच होती आणि डोंगरही तोच.

आपल्यालाही हे परके नाही. डहाणू-उंबरगावचे वारली 1945 मध्ये वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी राबाव्या लागणाऱ्या लग्नगडीच्या गुलामीविरुद्ध उभे राहिले. त्याआधी त्यांच्याबद्दल सावकार असेच बोलत.

अन्याय करणाऱ्याला आपण अन्याय करतो आहोत असे सहसा वाटत नाही. समोरच्याचा स्वभावच तसा, असे त्याने मनाशी पक्के केलेले असते. म्हणून ऊसतोड मजुराबद्दल, वीटभट्टीवरच्या कातकऱ्याबद्दल, घरकामाला येणाऱ्या बाईबद्दल मत बनवण्याआधी स्वतःला विचारावे: याच्या या अवस्थेतून माझा काय फायदा होतो? उत्तर ‘पुष्कळ’ असे आले, तर ते मत बाजूला ठेवावे आणि आधी त्याचे देणे चुकते करावे.