मौन राहिलेला विश्वस्त निर्दोष आहे काय?

एखाद्या शाळेच्या, वसतिगृहाच्या किंवा दवाखान्याच्या विश्वस्त मंडळावर आपल्यापैकी कोणाची निवड झाली, म्हणजे घरच्यांस आनंद होतो व गावात त्याचा मान वाढतो. सभेची नोटीस येते, विश्वस्त जमतात, चिटणीस जमाखर्च वाचतात, कोणी काही विचारीत नाही, सह्या होतात, व चहा घेऊन सर्व घरोघर जातात. पुढे संस्थेच्या पैशाचा घोटाळा उघडकीस आला, की हेच गृहस्थ म्हणतात, “आम्ही एक पैही घेतली नाही. आम्ही विश्वास ठेवला, एवढाच आमचा दोष.” हा जबाब पुरेसा आहे काय, ह्याचा विचार आज आम्ही करणार आहो.

त्यांच्या बाजूनेही काही बोलता येते. चिटणीस बहुधा वयाने व विद्येने मोठे असतात. कदाचित त्यांनीच आपणांस अक्षरओळख करून दिलेली असते. त्यांस हिशेब विचारणे म्हणजे त्यांजवर चोरीचा आळ घेणे, असे साध्या मनुष्यास वाटते. शिवाय विश्वास हा सद्गुणच आहे. मग तो ठेवणारा अपराधी कसा?

ह्याच प्रश्नाचा निवाडा करण्याचा प्रसंग एकदा अमेरिकेतील एका न्यायालयावर आला होता. वॉशिंग्टन शहरी सिब्ली मेमोरियल हॉस्पिटल नावाचे रुग्णालय आहे. मेथडिस्ट स्त्रियांनी सेविका व मिशनरी तयार करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी संस्था काढली, तिच्याच नावे ते चालत असे. नियमांप्रमाणे कारभार विश्वस्त मंडळाचा. परंतु प्रत्यक्षात तो अनेक वर्षे व्यवस्थापक व खजिनदार ह्या दोघांच्याच हाती राहिला. १९६० सालच्या नियमांत जमाखर्च पाहण्यासाठी एक व पैसा कोठे गुंतवावा हे ठरविण्यासाठी दुसरी, अशा दोन कमिट्या नेमलेल्या होत्या. १९७१ सालापर्यंत त्यांची एकही सभा भरली नाही! ते दोघे जे पुढे ठेवीत, त्यास मंडळ मान डोलवी. संस्थेची मोठी रक्कम व्याज न मिळणाऱ्या खात्यात पडून राहिली; आणि जेथे संस्थेचा पैसा होता, अशा काही बँकांशी कित्येक विश्वस्तांचे स्वतःचेच संबंध होते.

शेवटी रुग्णांनी फिर्याद केली. १९७४ साली न्यायाधीश गेसेल ह्यांनी निकाल दिला. विश्वस्तांनी मिळून कट केला, हा आरोप सिद्ध झाला नाही. तरीही त्यांनी आपल्या कर्तव्याचा भंग केला, असेच न्यायालयाने ठरविले. काम दुसऱ्याकडे सोपविता येते, पण त्यावरील देखरेख टाकून देता येत नाही, हे त्या निकालाचे सार होय. न्यायाधीशांनी कोणास काढून टाकले नाही, कोणाकडून भरपाईही घेतली नाही; परंतु विश्वस्तांनी बँकांशी असलेले आपले संबंध लेखी कळवावे, व नव्याने येणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने तो निकाल वाचावा, अशी आज्ञा केली.

आम्हांस हा निवाडा न्याय्य वाटतो. आपल्या स्वतःच्या पैशाविषयी डोळे मिटून विश्वास ठेवण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. नुकसान झाले तर ते आपले. परंतु संस्थेचा पैसा आपला नव्हे. शेजारी परगावी जाताना आपली गाय आमच्या हवाली करून गेला, व आम्ही ती गुराख्याकडे दिली, तर त्यात दोष नाही. मात्र सायंकाळी ती गोठ्यात परतली की नाही, हे पाहिलेच पाहिजे. “गुराखी भला दिसला,” एवढे सांगून शेजाऱ्याचे समाधान होईल काय? संस्थेचा पैसाही असाच ठेवीचा आहे. एखाद्या विधवेने मजुरीतून काढून दिलेले दोन रुपये त्यात आहेत. जी मुले अद्याप जन्मलीही नाहीत, त्यांचे शिक्षण त्यात आहे. ती विधवा सभेत बसत नाही, ती मुलेही बसत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारा विश्वस्तच मौन राहिला, तर बोलणार कोण? दुसऱ्याच्या ठेवीवर आपले औदार्य दाखविणे ह्यास विश्वास म्हणत नाहीत; तो आळस किंवा भीड होय.

शिवाय हिशेब विचारल्याने प्रामाणिक खजिनदाराचा अपमान होत नाही, उलट त्याचे रक्षण होते. ज्याचा हिशेब दरसाल चार जणांनी पाहिला आहे, त्याजवर उद्या कोणी खोटा आळ घेतला तर तो टिकणार नाही.

कोणी म्हणतील, सरकारचे लक्ष आहेच. खरे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठी १९५० सालचा कायदा आहे. त्याप्रमाणे हिशेब तपासून घ्यावे लागतात. संस्थेची जमीन विकणे असेल, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने देणे असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परंतु आयुक्तांपुढे कागद जातो. ती जमीन पट्ट्याने घेणारा एखाद्या विश्वस्ताचा मेहुणा आहे, हे गावच्या मंडळासच ठाऊक असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. रोजचा कारभार चिटणिसांनी व मुख्याध्यापकांनी करावा. त्यात विश्वस्ताने पदोपदी हात घालू नये. पण सभा चुकवू नये, न वाचलेल्या कागदावर सही करू नये, आणि ज्या व्यवहारात आपला किंवा आप्तांचा लाभ आहे, तो आधी उघड सांगून निर्णयाच्या वेळी बाहेर बसावे. ज्यास आकड्यांची भीती वाटते, त्याने तीनच प्रश्न विचारावे: पैसा किती आहे, तो कोठे आहे, आणि कोणाच्या सह्यांनी निघतो? समाधान न झाल्यास आपले मत सभेच्या इतिवृत्तात लिहवून घ्यावे.

हे प्रश्न विचारताना प्रथम जीभ अडखळेल, हे आम्ही जाणतो. परंतु ज्यास विचारण्याचे धैर्य होत नाही, त्याने ती जागा दुसऱ्यास द्यावी. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो जागा अडवून मौन राहण्यात.