नळ कुणाचा, ओल कुणाची?

भाड्याच्या घरात न्हाणीघर अपुरे पडले की धुण्याचे यंत्र गॅलरीत न्यावे, असे वाटू लागते. 'तुमच्या खर्चाने करा' म्हणून मालकही मोकळा होतो. एवढ्याने प्रश्न सुटतो काय? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार, मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम केल्यास भाडेकरूवर घर सोडण्याची पाळी येऊ शकते. स्वयंपाकाचा ओटा मात्र त्यातून वगळलेला आहे. धुण्याचा त्या यादीत उल्लेख नाही. (यादी करणाऱ्यांनी धुणे कधी धुतले नसावे!)

परंतु मला चिंता वाटते ती खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याची. गॅलरीतील पाइप बहुधा पावसाच्या पाण्यासाठी असतो. साबणाचे पाणी त्यात सोडले तर ते थेट पावसाळी नाल्यात जाते. लादी फोडताना खालचा जलरोधक थर दुखावला, तर ओल शेजाऱ्याच्या छतात उतरते. करारावर त्याची सही नसते. आणि ओल कित्येकदा इतकी उशिरा दिसते, की तोवर भाडेकरू दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून मालकाची चिठ्ठी मागण्याआधी भाडेकरूने एक जिना उतरून शेजाऱ्याशी बोलावे. खर्चाचे म्हणाल तर, नळ मागे राहणार असल्याने मालकाने त्यातला काही भाग भाड्यात वळता करणे न्याय्य ठरेल.