लाडकी आणि आपली

जपानमध्ये टीव्ही पाहणाऱ्या बहुतेकांना रोला हे नाव ठाऊक आहे. १९९० साली टोकियोत जन्मलेली ही मॉडेल. वडील बांगलादेशी, आई जपानी, आईकडून थोडे रशियन रक्त. बालपणीची काही वर्षे बांगलादेशात गेली. फॅशनच्या मासिकांतून ती टीव्हीवर आली आणि बघता बघता घरोघरी पोहोचली. गाल फुगवायचे, बोटांनी 'ओके'ची खूण करायची आणि वयाने कितीतरी मोठ्या सूत्रसंचालकाशीही मैत्रिणीशी बोलावे तसे बोलायचे, ही तिची अदा. जपानी भाषेत वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूपसुद्धा बदलावे लागते. न बदलणारा उद्धट ठरतो. रोला उद्धट ठरली नाही. लोक हसले.

का हसले, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

पाहुण्याच्या पोराने लाडवाच्या डब्यात हात घातला तर आपण कौतुकाने हसतो. तेच घरच्या पोराने केले तर दटावतो. म्हणजे काही वेळा माफी हीसुद्धा परकेपणाची खूण असते. 'तुम्ही मराठी किती छान बोलता!' ही तारीफ आमच्यापैकी कितीजणांनी ऐकली असेल! सात पिढ्या याच मातीत गेल्या, मग दुसरे बोलणार तरी काय? बोलणाऱ्याच्या मनात पाप नसते, हेही खरे. म्हणूनच उत्तर सुचत नाही.

अशा मिश्र संततीला जपानमध्ये 'हाफू' म्हणतात. हा शब्द इंग्रजी 'हाफ'वरून आला, म्हणजे अर्धा. १९८५ पर्यंत तिथे नागरिकत्व साधारणपणे बापाकडूनच मिळे. आई जपानी आणि बाप परदेशी असेल तर मूल कायद्यानेही परकेच. कायदा बदलला, नजर तितकी बदलली नाही. २०१५ मध्ये नागासाकी जिल्ह्यातल्या सासेबोत जन्मलेली, आफ्रिकी-अमेरिकी बापाची आरियाना मियामोतो 'मिस युनिव्हर्स जपान' झाली, तेव्हा ही पुरेशी जपानी आहे का, असे लोकांनी विचारलेच. पुढच्याच वर्षी बंगाली बापाची प्रियंका योशिकावा 'मिस वर्ल्ड जपान' झाली. तिच्याही वाट्याला तोच सवाल.

रोलाच्या वाट्याला तो उशिरा आणि वेगळ्या रूपात आला. डिसेंबर २०१८ मध्ये ओकिनावातील हेनोको इथे अमेरिकी लष्करी तळासाठी समुद्रात भराव टाकणे सुरू झाले. सार्वमत होईपर्यंत हे काम थांबवा, अशी एक याचिका अमेरिकेच्या व्हाइट हाउसकडे गेली होती. तिच्यावर सह्या करा, असे आवाहन रोलाने इन्स्टाग्रामवर केले. काहींनी शाबासकी दिली, पण टीकाही खूप झाली. हसवणारीने हसवावे, राजकारणात पडू नये!

न्यायाने बोलायचे तर हा नियम तिथल्या सगळ्याच कलावंतांना लागू असतो. जाहिरातींवर पोट असलेल्याने मत मांडू नये, ही तिथली जुनी रीत आहे. शिवाय गाल फुगवण्याची अदाही तिने स्वखुशीने स्वीकारली, त्यावर नाव कमावले. तिला केवळ बिचारी म्हणणे आम्हाला पटत नाही. कुणी असेही म्हणेल, की त्या दिवशी लोकांनी तिला प्रथमच घरच्यासारखे दटावले. तेही पटत नाही. घरच्याला दटावताना निदान तो काय म्हणतो ते ऐकलेले असते. इथे भरावाबद्दल, समुद्राबद्दल तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिने बोलावे का, यावरच चर्चा जास्त रंगली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ओकिनावात सार्वमत झाले. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांनी भरावाला विरोध नोंदवला. काम थांबले नाही.