पहिली फेरी काय सांगते?

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशाची म्हणजे कॅपची पहिली फेरी लागते, तोवर वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या एखाद्या मुलीच्या हाती तीन वेगवेगळे निकाल आलेले असू शकतात. एका अभिमत विद्यापीठाने स्वतःची परीक्षा घेऊन मे महिन्यातच जागा देऊ केली. जेईईच्या क्रमांकावर एनआयटी हुकली. आणि आता कॅपमध्ये यादीतले सातव्या क्रमांकाचे कॉलेज लागले. एकाने बोलावले, दुसऱ्याने नाकारले, तिसऱ्याने मधेच कुठेतरी बसवले. मग घरात सगळे तिच्याकडे बघतात, आणि कुणी उघड विचारत नसले तरी प्रश्न एकच असतो : पोर हुशार आहे की नाही?

या तिन्ही निकालांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. कॅपचे यंत्र तिला ओळखत नाही. ते गुणवत्ता यादीतल्या एकेका नावाशी थांबते, त्या मुलाने भरलेले पर्याय वरून खाली वाचते आणि पहिली रिकामी जागा देऊन पुढे सरकते. ही यादी ज्या परीक्षेवरून लागते, त्या एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाला 2025 मध्ये चार लाखांवर मुले बसली होती. अशा गर्दीत 97 पर्सेंटाइल म्हणजे पुढे साधारण बारा हजार मुले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये कॉम्प्युटरच्या जागा किती थोड्या असतात ते आठवले, की ‘नाही मिळाले’ हे वाक्य तिच्याबद्दल किती थोडे बोलते ते कळते.

शेजारच्या दोन घरांत सारखेच पर्सेंटाइल असूनही निकाल वेगळे लागतात, ते जागांच्या नियमांमुळे. वांद्र्याचे फादर कॉन्सेसाओ रॉड्रिग्ज, माहीमचे झेवियर, बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस या ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था. तिथल्या जागांचा मोठा वाटा त्या समाजाच्या मुलांसाठी असतो. ख्रिस्ती कोळी घरातल्या मुलाला त्या वाट्यातून जागा मिळू शकते, हिंदू कोळी घरातल्या मुलीला मिळत नाही. तिची वाट जातीचा दाखला, त्याची पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर या कागदांतून जाते. यातला एक कागद अडकला तर निकाल पालटतो. दोन्ही वाटांमागे कायदा आहे आणि मला दोन्ही मान्य आहेत. पण त्यावरून दोन मुलांची तुलना करणाऱ्या शेजाऱ्यांना थांबवायला हवे.

अमेरिकेत निवड वेगळ्या रीतीने होते. न्यू जर्सीतल्या मराठी घरातला मुलगा नोव्हेंबरात अर्ली डिसिजनचा अर्ज करतो आणि डिसेंबरच्या मध्याला त्याला होकार, नकार किंवा ‘पुढे बघू’ असे उत्तर येते. तिथे अर्ज माणसे वाचतात, निबंध आणि शिफारसपत्रे तोलतात. म्हणून नकार अधिक झोंबतो. तरीही वाचणाऱ्यासमोर त्या एका मुलाबरोबर सबंध वर्गाची जुळणी असते, आणि ती कशी केली हे मुलाला कधी कळत नाही.

कॅपचे नियम निदान छापलेले आहेत, आणि ते समजून घेतले तर पहिली फेरी उपयोगी पडते. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी 1962 मध्येच कॉलेज प्रवेशांचे गणित मांडले होते. त्या परंपरेतल्या कामासाठी शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातला आपल्या कामाचा भाग असा : वाटप गुणक्रमाने आणि पसंतीक्रमाने होत असेल, तर अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. ‘मिळणार नाही ते भरूच नका’ हा सल्ला म्हणून चुकीचा. उलट काळजी दुसरीकडे घ्यावी लागते. 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी पर्याय लागला तर जागा आपोआप पक्की होत होती. मनापासून नको असलेले नाव वरच्या सहांत ठेवणे धोक्याचे ते यासाठी. आपल्या मुलीला सातवे लागले आहे. तिने बेटरमेंट घेतले तर ते हाती राहते आणि वरच्या सहांची वाट उघडी राहते. तिच्यासाठी पहिल्या फेरीची खरी बातमी एवढीच, आणि ती वाईट नाही.

मला जास्त खुपते ते वेळापत्रक. कोळीवाड्यात 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, बोंबील वाळवायच्या वलांड्या रिकाम्या, घरात येणारा पैसा थांबलेला. नेमके याच दिवसांत अभिमत विद्यापीठ म्हणते, अमुक तारखेपर्यंत फी भरा, नाहीतर जागा गेली. पगारदार घर ती फी भरून कॅपची वाट बघू शकते. कोळ्याच्या घराला त्यासाठी दागिना गहाण ठेवावा लागतो किंवा जागा सोडावी लागते. लवकर मिळालेला होकार एका घरात आधार होतो आणि दुसऱ्या घरात कर्ज. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला तर थोडे प्रक्रिया शुल्क वजा करून फी परत मिळते. हे पालकांना ठाऊक असलेच पाहिजे. पण पैसे परत मिळण्यासाठी आधी भरावे लागतात, आणि अडचण तिथेच आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. कॅपच्या पहिल्या फेरीचे वाटप जाहीर होईपर्यंत कोणत्याही खासगी वा अभिमत संस्थेने पूर्ण फी मागू नये. कॅपमध्ये हजार रुपये भरून जागा राखता येते. तेवढ्याच रकमेवर या संस्थांनीही जागा राखावी, आणि कॅप चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलने व आयोगाने मिळून त्याची एक तारीख ठरवावी.