चूक आणि अन्याय

न्यायदानात चूक झाली, एवढ्याने न्याय बुडाला असे म्हणता येईल काय? मुळशी तालुक्यातील नेरे गावी दोघा भाऊबंदांत बांधाचा दावा लागला, अशी कल्पना करू. न्यायाधीशाने शाबीत न झालेला एक कागद पुराव्यात घेतला. परंतु सरकारी मोजणी आणि प्रतिवादीची स्वतःची कबुली एवढ्यावरच निकाल ठरत होता. अशा वेळी हुकूमनामा रद्द करणे म्हणजे दोन्ही घरांस पुन्हा कज्ज्यात लोटणे होय. म्हणूनच १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९९ सांगते की, ज्या चुकीने दाव्याच्या गुणावगुणांस वा न्यायालयाच्या अधिकारास बाध येत नाही, तिच्यापायी अपिलात हुकूमनामा फिरवू नये.

हा नियम आम्हांस शहाणपणाचा वाटतो. न्यायाधीश आपली कारणे लिहून ठेवतो. चूक निकालात कोठवर भिनली, हे त्यांवरून ताडता येते. ज्यूरी मात्र निर्णय सांगते, कारणे सांगत नाही. अमेरिकेत दिवाणी दाव्यांतही ज्यूरी बसते आणि चुकीने हानी झाली हे दाखविण्याचा भार सामान्यतः अपील करणाऱ्यावरच असतो. बंद दाराआड काय घडले, हे त्याने दाखवावे तरी कसे?

आपल्याकडे या अडचणीचे उदाहरण एका फौजदारी खटल्यात सापडते. १८९७ साली टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला. ६ युरोपीय सभासदांनी टिळकांस दोषी ठरविले, ३ भारतीयांनी निर्दोष. शिक्षा १८ महिन्यांची झाली. न्यायमूर्तींच्या भाषणाचा समग्र आशय पाहता त्यात दोष नाही, असे मानून प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली. परंतु कायद्याप्रमाणे निदान ६ जणांचे एकमत आवश्यक होते. त्यांतील एकाचेही मन त्या व्याख्येने झुकले असेल, तर ती चूक निरुपद्रवी कशी म्हणावी? उलटपक्षी, अचूक व्याख्या ऐकूनही ते सहाजण तेच बोलले असते, हेही असंभाव्य नाही. खरे काय ते कोणासच सिद्ध करता येणार नाही.

आमच्या मते, जेथे कारणे उघड आहेत तेथे हानीचा पुरावा अवश्य मागावा. जेथे ती झाकलेली आहेत तेथे हानीचा सबळ संभव पुरेसा मानावा, आणि चुकीने काही बिघडले नाही हे दाखविण्याचा भार त्या निकालाचा लाभ घेणाऱ्यावर टाकावा. अन्यथा अंधार न्यायालयाचा आणि ठेच मात्र पक्षकाराची, असे व्हावयाचे.