चाळीस टक्के कशाचे?

निफाड तालुक्यातल्या एका गावात एक आबा होते. त्यांच्या चाळीत उन्हाळ कांदा भरलेला होता. लासलगावला क्विंटलला २,००० रुपये भाव निघाला, तेव्हा त्यांनी माल काढला नाही. पुढच्या आठवड्यात भाव चाळीस टक्क्यांनी पडला. आबांनी ठरवून टाकले, दोन हजार झाल्याशिवाय कांदा हलवायचा नाही.

आठवडाभराने आडत्याचा फोन आला. "आबा, भाव चाळीस टक्के चढला. गेलं तेवढं परत आलं. आणा माल!"

ट्रॉली भरायला घेतली. आठवीतली नात ओसरीवर अभ्यास करत होती. तिने विचारले, "आबा, चाळीस टक्के कशाचे?"

"कशाचे म्हणजे? भावाचे."

"पण कुठल्या भावाचे?"

तिच्या गणिताच्या बाई हा प्रश्न प्रत्येक उदाहरणाला विचारत. टक्का दिसला की आधी 'कशाचा' ते लिहायचे, मगच गुणाकार. मुलांना ही कटकट वाटे. मला मात्र शतमानाचे निम्मे गणित त्या एका प्रश्नातच दिसते.

नातीने वहीत मांडले. पडला तो २,००० च्या चाळीस टक्क्यांनी, म्हणजे ८०० रुपयांनी. उरले १,२००. चढला तो या १,२०० च्या चाळीस टक्क्यांनी, म्हणजे ४८० नी. आजचा भाव १,६८०. दोन हजारांतून जाताना ८०० हा दोन पंचमांश होता. बाराशेवर तोच ८०० परत यायचा तर दोन तृतीयांश चढायला हवा, म्हणजे ६६⅔ टक्के.

आबांनी आडत्याला फोन लावला. त्यानेही आकडेमोड केली आणि तोही चपापला. त्याने फसवले नव्हते, त्यालाही ते तसेच वाटत होते. क्विंटलमागे ३२० रुपये कमी, पंचवीस क्विंटलला ८,०००. तरी आबांनी माल नेला, कारण खालच्या थरातला कांदा सडायला लागला होता. नेला तो हिशेब समजून.

पुढच्या लागवडीला १०,००० रुपये कमी पडले. गावातला एक जण दोन वर्षांसाठी द्यायला तयार झाला, दरमहा शेकडा तीनने. तीन रुपयांचे काय एवढे, असे कोणालाही वाटेल. या वेळी आबांनीच विचारले, "शेकडा तीन, पण कशावर? मुद्दलावर, की चढलेल्या व्याजावरही?"

"चढलेलं व्याज मुद्दलात धरायचं. रीतच आहे."

नातीने पुन्हा वही ओढली. सरळव्याजाने चोवीस महिन्यांचे ७,२०० होतात, परतफेड १७,२००. चक्रवाढीत दर महिन्याला १.०३ ने गुणायचे, म्हणजे १.०३ चा चोविसावा घात. तिने आधी बारावा घात काढला, तो साधारण १.४२५८ आला. त्याचा वर्ग केला की चोविसावा घात मिळतो, २.०३२८. दहा हजारांचे २०,३२८ झाले. दोन वर्षांत दुपटीच्या वर.

आबांनी ते पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सातबारा घेऊन सोसायटीत गेले.

तुमच्या घरी शेकड्याच्या बोलीवर घेतलेले पैसे असतील, तर आज तो कागद काढा, आठवी-नववीतल्या मुलाला शेजारी बसवा आणि व्याज कशावर लावले आहे ते त्याच्याकडून मांडून घ्या. दरमहा शेकडा तीन हे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांहून जास्त पडते.