दया, सत्य आणि अवघड कुत्रे

मुक्या प्राण्यावर दया करावी, हे आपल्या घरांतून मुलांना निराळे शिकवावे लागत नाही. शेवटची पोळी कुत्र्यासाठी बाजूला काढून ठेवणाऱ्या आजी लष्करातल्या जुन्या वाड्यांत आजही आढळतात. परंतु दारी आलेल्या कुत्र्याला पोळी घालणे निराळे, आणि ज्याने एकदा कोणास चावा घेतला आहे असे कुत्रे स्वतःच्या घरात घेणे, अथवा दुसऱ्याच्या घरी देणे, हे अगदी निराळे. या दुसऱ्या प्रसंगी केवळ दयेने भागत नाही. तेथे सत्याचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचाच थोडा विचार आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

अशी कुत्री निवाऱ्यात कशी येतात, ते आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. मुलांच्या हट्टाखातर पिल्लू आणले जाते. पुढे मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यास, बंगळुरास, परदेशी निघून जातात. मागे गुडघे धरलेले आईवडील आणि साखळीला बांधलेले कुत्रे राहते. फिरावयास न मिळालेले, दिवसभर एकटे पडलेले ते जनावर चिडचिडे होते, आणि एके दिवशी दूधवाल्याच्या अंगावर धावून जाते. पुष्कळदा कारण याहूनही आधीचे असते. पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ माणसांची, आवाजांची आणि नव्या वस्तूंची ओळख होण्याचा असतो. तो काळ अंधाऱ्या खोलीत किंवा मारहाणीत गेला, तर पुढे फटाक्याच्या आवाजाने, काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्याने, एवढेच काय, धावणाऱ्या लहान मुलानेही ते भेदरते. आणि भेदरलेले कुत्रे चावते. कोणी त्यास निवाऱ्यात पोहोचवतात. कोणी दूरच्या रस्त्यावर सोडून देतात. मात्र प्राण्याला उपासमार वा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने अपराध आहे. सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांसंबंधी २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ ठिकाणी सोडावीत, परंतु रेबीजची बाधा झालेली वा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे म्हटले. आक्रमक ठरलेल्या कुत्र्यापुढे मग दोनच वाटा उरतात: जन्मभर पिंजरा, नाहीतर एखादे जाणते घर.

आता कल्पना करा, निवाऱ्यात एक कुटुंब आले आहे. बरोबर पाच वर्षांची मुलगी आहे. एक तांबूस कुत्रे त्यांच्या मनात भरते. ते दिसावयास देखणे, शेपूट हलवणारे. पण ताटलीजवळ हात नेला की दात दाखवणारे, आणि दोनदा चावलेले. निवाऱ्याच्या कार्यकर्त्याने ही गोष्ट सांगितली तर कुटुंब निघून जाईल. न सांगितली तर त्या जिवास आजच घर मिळेल. त्याने काय करावे?

मौनाच्या बाजूचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. जो माणूस रोज त्या पिंजऱ्यापुढून जातो, त्या प्राण्याचे डोळे पाहतो, जागा अपुरी पडत असल्याचे जाणतो, त्याला "घरच्या मायेने सुधारेल" असे मनापासून वाटू शकते. एका जिवाच्या रक्षणासाठी थोडे झाकून ठेवले तर ते असत्य कसले, असे तो विचारील.

येथे धर्मराजाचे स्मरण होते. महाप्रस्थानाच्या वेळी हस्तिनापुरापासून मागे आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गरथात बसण्यास त्याने नकार दिला, ही कथा आपण आवडीने सांगतो. (त्या कुत्र्याने वाटेत कोणास चावल्याचा उल्लेख नाही, तेवढ्यापुरती ती परीक्षा आमच्या प्रश्नाहून सोपी होती, असे म्हटल्यास वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.) परंतु त्याच युधिष्ठिराने द्रोणांपुढे अश्वत्थाम्याविषयी अर्धे वाक्य मोठ्याने व अर्धे हळू उच्चारले, आणि भूमीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ जमिनीवर टेकला. मेलेला हत्ती खरा होता. उच्चारलेला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात जे उमटावे म्हणून ते वाक्य योजले होते, ते असत्य होते. "कुत्रे मोठे खेळकर आहे हो, तुमची मुलगी खूश होईल," हे निवाऱ्यातील वाक्य त्याच जातीचे आहे.

शिवाय त्या अर्धसत्याची किंमत कोण देतो, हेही पाहावे. प्रथम ती मुलगी. आपल्या देशात कुत्र्याचा चावा म्हणजे नुसती जखम नव्हे. साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लगेच इस्पितळ, आणि लशीच्या सुया हे सर्व मागोमाग येते. दुसरी किंमत देते ते कुत्रेच. ज्याच्या हितासाठी मौन पाळले तेच आठ दिवसांनी परत येते. या वेळी त्याच्या नावावर आणखी एक चावा आणि मनात आणखी एक त्याग असतो. तिसऱ्यांदा त्यास कोण विचारणार? न सांगणाऱ्याने त्याला घर दिले नाही. घर मिळण्याची उरलीसुरली शक्यता खर्च करून टाकली.

परंतु याच्या उलट टोकाची चूक आम्हांस तितकीच गंभीर वाटते. "हे चावरे आहे" असा शिक्का मारून मोकळे होणे, हेही सत्य नव्हे. महाभारताचा आरंभ एका कुत्र्याच्या गाऱ्हाण्याने होतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. जनमेजयाच्या यज्ञभूमीवर आलेल्या सरमेच्या पिल्लाला त्याच्या भावांनी मारले. पिल्लाने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमेने कारण विचारले. कोणापाशी उत्तर नव्हते. कुत्रे आहे म्हणजे तोंड घालणारच, एवढ्याच गृहीतावर काठी चालली होती.

म्हणून खरे सांगणे म्हणजे घडले तसे सांगणे. कुत्रे केव्हा चावले, कोणास, त्याआधी काय झाले, दात नुसता लागला की खोल रुतला, सोडले की धरून ठेवले, त्यानंतर काय उपाय केला व त्याचा किती उपयोग झाला. "ताटलीजवळ हात नेल्यास गुरगुरते; एकटे जेवू दिल्यास सहा महिन्यांत तक्रार नाही," या वाक्यात माणसाला इशारा आहे आणि कुत्र्याला न्यायही आहे. असे वाक्य ऐकून पाच वर्षांच्या मुलीचे वडील मागे फिरतील, आणि फिरावेच. परंतु ते ऐकून एखादा निःसंतान, शांत स्वभावाचा गृहस्थ म्हणेल, "एवढेच ना? मग त्याचे जेवण मागच्या पडवीत ठेवू." अनुभवी घर ते हेच. सत्य ऐकून जो घाबरत नाही, आणि त्यास क्षुल्लकही मानत नाही, असा माणूस तेथे असतो.

अनुभवी म्हटले की आपल्याकडे कडक हाताचा, दंडुका बाळगणारा निवृत्त शिपाई डोळ्यांपुढे येतो. हा समज चुकीचा आहे. आपल्याच शहरातून झाशीच्या रस्त्याने गेले की टेकनपूर लागते. तेथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. तेथे कुत्र्याबरोबर त्याला सांभाळणाऱ्या जवानासही शिकवावे लागते. दोघांची जोडी जुळली तरच काम होते. गुरगुरल्याबद्दल मारलेले कुत्रे गुरगुरणे सोडते, भीती सोडत नाही. पुढच्या वेळी ते इशारा न देता चावते. जाणता माणूस गुरगुरण्याच्याही आधीची भाषा वाचतो: मान वळवणे, ओठ चाटणे, अवेळी जांभई देणे, अंग एकदम ताठ करणे.

प्रत्येक जीव निराळा तपासावा लागतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. व्हर्जिनिया राज्यात २००७ साली मायकेल विक या फुटबॉलपटूच्या जागेतून झुंजीसाठी पाळलेली सुमारे पन्नास कुत्री जप्त झाली. अशा कुत्र्यांना सरसकट मारून टाकण्याचीच तोवर रीत होती. न्यायालयाने प्रत्येकाची वेगळी पारख करविली. काही कुटुंबांत गेली. बावीस कुत्री युटा राज्यातील एका प्राणी-आश्रमात गेली, आणि त्यांपैकी दोघांनी जन्मभर तेथेच राहावे असा न्यायालयाचा आदेश होता. त्या दोघांना घर मिळाले नाही, हे त्यांच्यावरील दयेचे अपयश आम्ही मानत नाही. त्यांच्याविषयी कोणी खोटे बोलले नाही, आणि त्यांना उपाशीही ठेवले नाही.

"आमच्याने हे होणार नाही," असे निवाऱ्यातून परत फिरताना म्हणणाऱ्यास निर्दय ठरवू नये. आपली शक्ती ओळखून दिलेला नकार हा शेजाऱ्यांसमोर भूतदया मिरवण्यापुरत्या होकारापेक्षा त्या प्राण्याच्या अधिक उपयोगी पडतो. मात्र ज्यांची मुले दूर आहेत, घराला पडवी व बंद आवार आहे, आणि ज्यांनी पूर्वी कुत्रे म्हातारे होऊन मरेपर्यंत सांभाळले आहे, अशी कुटुंबे आपल्या समाजात थोडी नाहीत. त्यांनी अवश्य जाऊन यावे. पहिल्याच दिवशी कुत्रे घेऊन येऊ नये. चार वेळा जावे, पिंजऱ्याबाहेर पाठमोरे, निमूट बसावे, ते आपणहून हुंगावयास येते का पाहावे. त्याची लस झाली आहे का, आणि त्याच्या चाव्यांची लेखी हकिगत आहे का, असे स्पष्ट विचारावे. उत्तर देणारा अडखळू लागला, किंवा हसून विषय बदलू लागला, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी यावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचारावा.